बारदान वजा

रिकाम्या केगचं वजन किती असतं, हा प्रश्न मला बाबांनी विचारला. तोवर पंधरा दिवस मी घरच्या पार्टीसाठी बीअरचा नळ शोधत होतो. कोणता पंप, कोणता रेग्युलेटर, नळी किती लांब, सगळे व्हिडिओ बघून झाले होते. पण हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

"भरलेलं किती आणि रिकामं किती हेच माहीत नसलं, तर मोजशील कसं?" बाबा म्हणाले. "पहिले बारदान सांग."

बाबा कळमन्याच्या बाजारात मापाडी होते. शेतकऱ्याचा माल आडत्याच्या दुकानात काट्यावर चढवायचा, वजन बघायचं, चिठ्ठीवर लिहायचं, हे मापाड्याचं काम. मिरचीचं पोतं काट्यावर आलं की त्यातून पोत्याचं वजन वजा करायचं. पोत्याला बारदान म्हणतात. बारदान वजा जाता उरेल तो माल, आणि पैसे मिळतात ते मालाचे. आमचं घर बाजारापासून चालत दहा मिनिटांवर. मिरचीच्या हंगामात वारं फिरलं की आमची अख्खी गल्ली शिंकते. अशा गल्लीत वाढलेल्या मला बारदान म्हणजे काय हे माहीत होतं. बीअरलाही बारदान असतं, हे डोक्यात आलं नव्हतं एवढंच.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय माझ्या नळाच्या निवडीला अर्थ नाही.

बाबा प्यायचे. बाजारात दिवसभर लोकांच्या मालाचं ग्राम-ग्राम वजन सांगणारा माणूस घरी आल्यावर किती पितो, ते कोणालाच सांगता येत नसे. त्यांनाही नाही. आई बाटलीच्या लेबलवर बॉलपेनानं बारीक रेघ मारून ठेवायची. सकाळी दारू रेघेच्या किती खाली गेली ते बघायची. काही दिवसांनी बाबांना रेघ कळली आणि बाटली कपाटामागे गेली. मग आई वास घ्यायची. बाबा झोपले की वाकून, अगदी तोंडाजवळ जाऊन. मी शाळेतून कॉलेजात गेलो, कॉलेजातून मिहानमधल्या नोकरीत गेलो, पण माझा एकही मित्र कधी आमच्या घरी आला नाही. "घर लांब आहे बे, कळमन्यात," असं मी सांगायचो. सगळ्यांना ते पटायचं.

सहा वर्षांपूर्वी बाबा आठ दिवस मेडिकलला भरती होते. तिथून आले ते सोडूनच. पुढची दोन वर्षं आई तरीही कपाटामागे बघत राहिली.

यंदा मे महिन्यात मला तीस पूर्ण होणार होती. आमच्या ग्रुपचं पिणं म्हणजे रिंग रोडच्या कडेला गाडी लावायची, काचा वर, एसी चालू आणि मधल्या सीटवर चकणा. फोनवर मी तसंच काहीतरी ठरवत होतो आणि बाबा बाहेर कूलरमध्ये पाणी भरत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "गाडीत बसून पिता आणि मग तीच गाडी चालवत येता. घरी गच्ची आहे ना? घरी करा."

मी आईकडे बघितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "करा. पण बाटल्या नको बाप्पा घरात."

तिला बाटलीचा आवाज नको होता. फरशीवर काच टेकल्याचा तो आवाज आमच्या घरात तिघांनाही ओळखू येतो. ती बाटली नको म्हणाली, म्हणून मी नळ शोधायला निघालो.

नळाची बीअर, म्हणजे ड्राफ्ट, कशी चालते ते आधी सांगतो. स्टीलच्या पिंपात, म्हणजे केगमध्ये, बीअर असते. वरून दाब दिला की ती आतल्या नळीतून वर चढते आणि तोटीतून बाहेर येते. सगळा खेळ दोन गोष्टींचा आहे: दाब कशानं द्यायचा आणि बीअर थंड कशी ठेवायची. बाजारात मिळणारे सगळे प्रकार ही याच दोन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं आहेत.

सगळ्यात सोपा टॉवर. बारमध्ये टेबलावर येतो तो, साधारण तीन लिटरचा, मधल्या नळकांड्यात बर्फ भरलेला. पण त्याला दाब वगैरे काही नसतो. तो नुसता तोटी लावलेला मोठा जग आहे. भरायला बाटल्याच लागतात, त्यामुळे तो पहिल्याच दिवशी बाद.

दुसरा हातपंप. केगच्या तोंडावर बसवायचा आणि सायकलला हवा भरतो तसा मारायचा. भाडं सगळ्यात कमी, गॅसची कटकट नाही. पण हा पंप आत साधी हवा ढकलतो आणि हवेत ऑक्सिजन असतो. ऑक्सिजन लागला की बीअर शिळी व्हायला लागते. दुसऱ्या दिवशी तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते आणि फसफस उतरलेली असते. विकणारे हे जाता जाता सांगतात: "फक्त उघडला की त्याच रात्री संपवायचा." मला हे वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. म्हणजे रात्री अकराला अर्धा केग उरला, तर कोणी ना कोणी म्हणणारच की उद्या फेकूनच द्यायची आहे, तर आत्ताच घ्या. वीस लिटरचा केग घेतला, तर किती प्यायचं ते पंपानं आधीच ठरवलेलं.

तिसरा, टेबलावर ठेवायचा पाच लिटरचा छोटा डबा. याच्या काही प्रकारांत गॅस आतच असतो, काहींना बाहेरून छोटी काडतुसं लावतात. डबा संपला की संपलं, म्हणून मला तो आवडला होता. पण चौदा जणांना पाच लिटर म्हणजे एकच फेरी. मग दुसरा उघडायचा, मग तिसरा. शेवटी त्याही बाटल्याच, फक्त जाड.

चौथा प्रकार बघून मी हरखलो. फ्रीजमध्ये केग, शेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि फ्रीजच्या डोक्यावर चकचकीत तोटी. बीअर ३-४ अंशांवर, दाब साधारण १०-१२ पीएसआय. आत हवा जातच नाही, गॅस जातो, आणि तोही बीअरमध्ये मुळात असतो तोच. केग चांगला असेल आणि गारवा टिकला, तर बीअर कित्येक आठवडे ठीक राहते. जुना फ्रीज घेऊन लोक हे घरीही बनवतात. तांत्रिकदृष्ट्या हाच सगळ्यात चांगला. मी मनातल्या मनात तो गच्चीच्या जिन्याखाली बसवूनही टाकला. मग लक्षात आलं की ती तोटी तिथे रोज असेल. सोमवारी सकाळी असेल, बाबा भाजी घेऊन येतील तेव्हा असेल, मी ऑफिसला आणि आई देवळात असेल तेव्हाही असेल. आणि नळाला रेघ मारता येत नाही.

इथे मला पहिल्यांदा नीट कळलं की मी काय निवडतोय. सगळे व्हिडिओ फेस, चव आणि गारव्याबद्दल बोलतात. पण प्रत्येक यंत्र एका वेगळ्या प्रश्नाचंही उत्तर देतं: थांबायचं झालं तर? हातपंप थांबू देत नाही. फ्रीजवाला थांबू देतो, पण जात नाही. मला रात्री बंद होणारा आणि सकाळी निघून जाणारा नळ हवा होता.

तसा प्रकार आहे, आणि तो भाड्यानं मिळतो. थर्माकोलच्या किंवा प्लॅस्टिकच्या मोठ्या पेटीत स्टीलच्या नळीचं वेटोळं असतं. पेटीत बर्फ आणि पाणी भरायचं. नुसता बर्फ नाही, कारण बर्फाचे तुकडे नळीला मध्येच कुठेतरी टेकतात, पाणी सगळीकडून टेकतं. केग बाहेर उभा राहतो. गॅसच्या दाबानं बीअर त्या लांब वेटोळ्यातून जाते आणि तोटीपर्यंत येईतो गार होते. वेटोळं लांब असल्यानं दाब फ्रीजपेक्षा बराच जास्त, पंचवीस पीएसआयच्या आसपास ठेवावा लागतो. पेटीत लादीचा बर्फ चालतो, कारण तो बीअरला लागत नाही. तो ग्लासात मात्र टाकायचा नाही.

नागपूरचा मे महिना हा यातला खरा अडथळा. द्रवात गॅस विरघळून राहतो तो थंडीत. उन्हात राहिलेली सोड्याची बाटली उघडून बघा, अर्धी बाहेर येते. केगचंही तेच. ४५ अंशांच्या दुपारी टेम्पोतून आलेला केग तसाच लावला तर रात्रभर नुसता फेस निघेल. म्हणून केग गारच उचलायचा, संध्याकाळी आणायचा आणि सावलीत ठेवायचा. गॅसच्या सिलिंडरला तर ऊन अजिबात चालत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड प्रचंड दाबाखाली द्रव होऊन बसलेला असतो. ३१ अंशांच्या वर तो द्रव राहू शकत नाही आणि दाब झपाट्यानं वाढतो. देशभरातल्या अशा सिलिंडरांचे नियम बघणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, हे मला या निमित्तानं कळलं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बंद खोलीत तळाशी साचतो, तेव्हा नळ लावायला मोकळी गच्चीच बरी.

बाबांना सगळ्यात जास्त आवडली ती सिलिंडरची एक गोष्ट. त्यातला गॅस किती उरला ते वरच्या दाबाच्या घड्याळावरून कळत नाही. आत द्रव आहे तोवर त्याच तापमानाला आकडा तोच राहतो आणि द्रव संपला की एकदम पडतो. किती उरलाय ते फक्त वजन करून कळतं.

"म्हणजे याचंही बारदान आहे," बाबा म्हणाले. मग त्यांनी केगचा प्रश्न विचारला.

परवान्याचं काम मी केलं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायलाही परवाना लागतो, आणि बीअरसाठी वय २१ पूर्ण हवं. शिवाय पार्टीचा एक दिवसाचा परवाना काढला, त्यावरच केग मिळाला. आई हे सगळे कागद बघत होती. तिचं माहेर वर्ध्याचं. गांधीजी आणि विनोबांचा जिल्हा म्हणून तिकडे दारूबंदी. मी म्हटलं, "बघ, सगळं कायदेशीर आहे." ती म्हणाली, "आमच्याकडे तर कायद्यानं नाहीच. म्हणून कोणी पीत नाही असं थोडीच आहे? फक्त किती पितात ते कळत नाही."

पार्टीच्या दिवशी बाबा ओळखीच्या आडत्याकडून इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आले, शंभर किलोचा. गच्चीवर पाणी मारून झालं होतं. त्यांनी काट्याखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून तो सपाट केला, पाच किलोचं माप ठेवून तपासला आणि मग मला केग चढवायला सांगितला. केगच्या कडेवर रिकामं वजन कोरलेलं होतं: ७.८ किलो. वरची पितळी मान ६०० ग्रॅमची. काट्यावर आलं २८.४.

"वीस किलो माल," बाबा म्हणाले आणि वहीत लिहिलं. बीअरचं एक लिटर जवळपास एक किलोच भरतं, त्यामुळे हिशोब सोपा. नळीची ओढ वजनावर येऊ नये म्हणून त्यांनी ती दोरीनं वर बांधून घेतली. हे मला कुठल्याच व्हिडिओत दिसलं नव्हतं. मग एक रिकामं पोतं पाण्यात बुडवून त्यांनी केगला गुंडाळलं. कूलरच्या खसासारखं. ओलं पोतं सुकताना आतली उष्णता घेऊन जातं.

मित्र आले. गाड्यांच्या चाव्या आईनं दारातच घेऊन स्टीलच्या डब्यात ठेवल्या आणि डबा स्वयंपाकघरात नेला. पहिले चार-पाच ग्लास नुसता फेस निघाला, नळी गरम होती म्हणून. तो बादलीत गेला. मग सोनेरी धार आली आणि सगळे ओरडले. कळमना लांब आहे असं त्या दिवशी कोणी म्हणालं नाही.

बाबा कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. हातात ताक. दर तासाला उठायचे, पोतं काढायचे, आकडा बघायचे, वहीत लिहायचे, पोतं पुन्हा ओलं करून गुंडाळायचे. माझ्या मित्रांना आधी गंमत वाटली. मग तेही विचारायला लागले, "काका, किती झाली?" साडेनऊला बाबा म्हणाले, "दहा-दोनशे." त्यानंतर ओतण्याचा वेग थोडा उतरला, हे मी पाहिलं. कोणी कोणाला काही बोललं नव्हतं. फक्त आकडा सगळ्यांसमोर होता.

अकराला बाबांनी पोतं काढलं. १४.६. बारदान आणि मान वजा करून ६.२ लिटर शिल्लक. एक मित्र म्हणालाच, "पैसे दिले आहेत ना बे, संपवून टाकू." बाबांनी मला विचारलं, "हा गॅस बंद केला की येत नाही ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी सिलिंडरची चावी फिरवली आणि केगमध्ये उरलेला दाब मला सोडायला लावला. उरलेली बीअर सकाळी केगसोबत परत जाणार होती, पैशाच्या हिशोबात तोटाच. कॅब आल्या. दोघं जण खाली झोपले. बाबांनी केगला ओलं पोतं परत गुंडाळलं. काट्यावर आलं १७.०.

मी ते मुद्दाम लक्षात ठेवलं. कारण उन्हाळ्यात बाबा गच्चीवर झोपतात. त्यांची खाट केगपासून दहा फुटांवर होती, आणि मी पूर्ण संध्याकाळ हा विचार टाळत आलो होतो.

पहाटे पाचला मला जाग आली. पाणी प्यायला उठलो असं मी स्वतःला सांगितलं आणि वर गेलो. काट्याचं बटण दाबलं.

१५.९.

एक किलो शंभर. म्हणजे एक लिटरहून जास्त. गॅस बंद होता, पण तोटी उघडली तर थोडी बीअर येऊ शकते हे मला माहीत होतं. मी तोटीखाली बोट लावून बघितलं. ग्लास बघितले, सगळेच वापरलेले. मग मी बाबांच्या खाटेजवळ गेलो आणि वाकलो. अगदी तोंडाजवळ. वास घेतला.

बाबांचे डोळे उघडे होते.

"बारदान सुकलं," ते म्हणाले.

मी तसाच उभा राहिलो. ते उठले, केगजवळ गेले आणि पोतं काढून बाजूला टाकलं. पोतं कडक झालं होतं, फक्त खालची किनार ओलसर होती. काट्यावर आलं १४.६.

"ओला माल रात्रभर ठेवला की घट येतेच," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. बाजारात नव्या पोराला सांगावं तसं सांगितलं. मग उशीखालची वही काढून माझ्या हातात दिली. अकराच्या नोंदीखाली त्यांच्या अक्षरात आणखी एक ओळ होती: रात्री २.००, बारदानासह १६.५, बारदान काढून १४.६.

"तुम्ही उठला होता?" मी विचारलं.

"झोप लागत नव्हती. म्हटलं बघून घ्यावं."

"माझ्यासाठी लिहिलं का?"

त्यांनी थोडा विचार केला. "पहिले माझ्यासाठी," ते म्हणाले.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "मोजलं ते चांगलं केलं. पण बारदान काढून मोजायचं. नाहीतर मालावर आळ येते."

दहाला मुलगा येऊन केग, पेटी आणि सिलिंडर घेऊन गेला. बाबा काटा परत करायला बाजारात गेले. आई वर आली. फरशी पुसली, बादलीतला फेस मोरीत ओतला आणि कठड्यावर ठेवलेली वही उघडून खालपर्यंत वाचली. दोनच्या नोंदीवर तिचं बोट थोडा वेळ थांबलं. मग तिनं पोतं उचललं, नळाखाली खळखळून धुतलं आणि गच्चीच्या भिंतीवर वाळत घातलं.

"फेकून दे ना ते," मी म्हटलं. "बीअरचा वास येत असेल."

"राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी लागेल."